स्टेपल सिंगर्स: एका घरानं गायलेल्या गॉस्पेलचा इतिहास (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

स्टेपल सिंगर्स हे नाव बहुतेकांच्या कानावर येतं ते १९७२ च्या ‘आय’ल टेक यू देअर’ या एका गाण्यामुळे. त्या गाण्याच्या मागे चोवीस वर्षांचं चर्चमधलं गाणं उभं आहे, हे नंतर कळतं. मग प्रश्न सुरू होतात, आणि त्यातला एक फिरून फिरून येतो: या लोकांनी देवाचं गाणं सोडून बाजाराचं गाणं धरलं का? माझ्या मते नाही. का नाही, ते खालच्या उत्तरांतून कळेल.

स्टेपल सिंगर्स नेमके कोण?

शिकागोमधलं एक कृष्णवर्णीय कुटुंब. वडील रोबक स्टेपल्स, ज्यांना सगळे ‘पॉप्स’ म्हणत, आणि त्यांची मुलं क्लिओथा, पर्विस, इव्होन आणि मेव्हिस. सुरुवातीला पॉप्सबरोबर क्लिओथा, पर्विस आणि मेव्हिस गात. पर्विस काही काळ सैन्यात गेला तेव्हा इव्होन त्याच्या जागी उभी राहिली आणि १९७० च्या आसपास त्यानं गट सोडला तेव्हा ती कायमचीच आली. इव्होनला मंचाची फारशी हौस नव्हती. हिशेब, करार, पैशाचे व्यवहार ही तिची बाजू, आणि ती तिनं शेवटपर्यंत सांभाळली.

गॉस्पेल म्हणजे चर्चमधली प्रार्थनागीतंच ना?

प्रार्थनागीतंच, पण आपल्याकडच्या चर्चमध्ये ऑर्गनवर संथ म्हटली जातात तशी नव्हेत. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं गॉस्पेल १९३० च्या दशकात शिकागोत आकाराला आलं. दक्षिणेकडच्या कापसाच्या मळ्यांतून लाखो माणसं कामासाठी उत्तरेच्या शहरांत येत होती आणि येताना आपलं गाणं घेऊन येत होती. थॉमस डॉर्सी हा एकेकाळचा ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीयांचं चर्चबाहेरचं, सुखदुःखाचं गाणं वाजवणारा पियानोवादक. त्यानं ब्लूजची चाल आणि ठेका चर्चच्या गाण्यात आणला. पुढे महेलिया जॅक्सननं ते गाणं जगभर पोहोचवलं.

या गायकीचा जीव हाक आणि प्रतिसादात आहे. पोवाड्यात शाहीर ओळ टाकतो आणि झीलकरी ती उचलतात, तसा मुख्य गायक हाक देतो आणि बाकीचे ती झेलतात. फरक इतकाच, की इथे समोर बसलेले लोकही झीलकरी होतात. टाळ्या देतात, मध्येच ओरडून दाद देतात, उभे राहतात. स्टेपल सिंगर्सचं कुठलंही ध्वनिमुद्रण ऐकताना हे लक्षात ठेवलं तर पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात.

पॉप्स कुठून आले?

मिसिसिपी राज्यातून. जन्म २८ डिसेंबर १९१४, विनोना गावाजवळ. चौदा भावंडांत ते सगळ्यांत धाकटे. त्या काळी खेडोपाडी सिअर्स-रोबक या दुकानाची जाडजूड वस्तूयादी टपालानं यायची. यांच्या एका थोरल्या भावाचं नाव सिअर्स आणि यांचं रोबक!

त्यांचं लहानपण डॉकरी मळ्यावर गेलं. मिसिसिपी डेल्टामधला हा प्रचंड कापूसमळा ब्लूजच्या इतिहासात फार मोठा आहे, कारण ब्लूजचा मोठा गिटारवादक चार्ली पॅटन तिथेच वाजवत असे. छोट्या रोबकनं पॅटनला समोर बसून ऐकलं आणि गिटार उचलली. शनिवारी रात्री ब्लूज आणि रविवारी सकाळी चर्च, दोन्ही एकाच माणसाच्या कानात भरत गेलं. घरी संध्याकाळचं जेवण झालं की भावंडं एकत्र गात, प्रत्येकाचा सूर ठरलेला. या घरगुती गाण्याचा उपयोग पुढे शिकागोत झाला.

लग्न लवकर झालं. पत्नी ओसिओला. १९३६ च्या सुमारास ते शिकागोला आले. क्लिओथा आणि पर्विस मिसिसिपीत जन्मलेले, इव्होन आणि मेव्हिस शिकागोच्या. पॉप्स कत्तलखान्यात राबले, पोलादाच्या कारखान्यात राबले. पोटामागे धावताना गिटार बरीच वर्षं बाजूलाच पडली होती.

मुलांना गाणं कसं शिकवलं?

पॉप्स तेव्हा ट्रम्पेट ज्युबिलीज नावाच्या एका पुरुषांच्या गॉस्पेल गटात गात. सहा जणांचा गट, आणि तालमीला यायचे कधी दोन, कधी तीन. एका संध्याकाळी ते वैतागून घरी आले, गहाणवटीच्या दुकानातून सात डॉलरला घेतलेली गिटार काढली आणि मुलांना दिवाणखान्यात जमिनीवर गोल बसवलं.

पुढे जे घडलं ते मेव्हिसनं आयुष्यभर सांगितलं आहे. पॉप्स गिटारीची एक तार छेडत आणि एका मुलाला म्हणत, हा तुझा सूर. दुसरी तार, दुसरं मूल. आपली भावंडं मिसिसिपीत जेवणानंतर ज्या क्रमानं गात, तोच क्रम त्यांनी मुलांना लावून दिला. कागद नाही, स्वरलिपी नाही, पियानो नाही. पहिलं गाणं होतं ‘विल द सर्कल बी अनब्रोकन’. आईची अंत्ययात्रा निघाली आहे आणि घरातली माणसं पुन्हा वर एकत्र भेटतील का, असं विचारणारं हे जुनं गीत.

मला या प्रसंगात सगळा इतिहास दिसतो. पियानोच्या पट्ट्यांवर बसवलेलं शहरी गॉस्पेल आणि गिटारीच्या तारांवरून लावलेलं हे गाणं यांची जातच वेगळी. शिकागोचे इतर गट तेव्हा मोठ्या आवाजात, जोरकस गात होते. ही मुलं मात्र खेड्यातल्या मोठ्या माणसांसारखी, संथ आणि मोकळ्या जागा ठेवून गाऊ लागली. म्हणून त्यांचं पहिलं ध्वनिमुद्रणही त्या काळाहून जुनं वाटतं.

पहिला कार्यक्रम कुठे झाला?

१९४८ मध्ये, शिकागोतल्याच एका चर्चमध्ये. पॉप्सची बहीण केटी यांनी घरात मुलांचं गाणं ऐकलं आणि ‘आमच्या चर्चमध्ये या’ म्हणाल्या. मुलं गायली, लोकांना इतकं आवडलं की परत गायला लावलं. पुन्हा, आणि मग पुन्हा. पूर्ण बसलेलं गाणं एकच होतं, तेव्हा तेच पुन्हा पुन्हा गायले. घरी परतल्यावर पॉप्सनी ठरवलं की लोकांना आवडतंय तर आणखी गाणी बसवायला हवीत.

नंतरची कित्येक वर्षं शनिवार-रविवारी गाणं आणि सोमवारी वडील कामावर, मुलं शाळेत, असाच क्रम होता. १९५७ मध्ये मेव्हिसची शाळा संपली. तिला नर्स व्हायचं होतं. पॉप्सनी समजूत घातली आणि मग गट पूर्णवेळ गायला लागला.

पहिली रेकॉर्ड कुठली?

१९५३ मध्ये शिकागोच्या युनायटेड कंपनीसाठी काही गाणी झाली, पण जमलं नाही. कंपनीला त्यांच्याकडून खपाऊ, चर्चबाहेरचं गाणं हवं होतं आणि पॉप्स तयार नव्हते. मग ते व्ही-जे कंपनीकडे गेले. तिथे १९५६ मध्ये ‘अनक्लाउडी डे’ ध्वनिमुद्रित झालं आणि गॉस्पेलच्या जगात सगळीकडे नाव झालं.

‘अनक्लाउडी डे’मधला तो खोल आवाज पुरुषाचा आहे का?

नाही. तो मेव्हिसचा आहे आणि ती तेव्हा सतरा वर्षांची होती. हा प्रश्न तेव्हाही लोकांना पडायचा. रेडिओवर ऐकणारे पैजा लावत की हा पुरुष आहे, नाहीतर चांगली थोराड बाई. कार्यक्रमात ही किडकिडीत मुलगी पुढे यायची आणि पैज लावणारे पैसे हरायचे.

आधी मुख्य गायक पर्विस होता, उंच पट्टीतला. वयात येताना त्याचा आवाज फुटला आणि पुढची जागा मेव्हिसकडे आली. या गाण्यात ती घाई करत नाही, हे मला फार मोठं वाटतं. पॉप्सची गिटार एकटीच सुरू होते, थरथरत, पाण्यावर तरंग उठावेत तशी. चौघांचे आवाज हळूच एकत्र येतात. मेव्हिसची ओळ येते तेव्हा तिच्या आवाजात गाळ उपसल्यासारखी एक खरखर असते आणि ती शब्द तोडून, श्वास घेऊन, पुन्हा त्याच शब्दावर येते. सतरा वर्षांच्या मुलीला ही सबुरी कुठून आली? आजी आणि आत्यांच्या गाण्यातून. तिचं लहानपणीचं काही शिक्षण मिसिसिपीत आजीजवळ झालं होतं.

नॅशव्हिलच्या डब्ल्यूएलएसी या रेडिओ केंद्राचा आवाज रात्री दूरदूरच्या राज्यांत पोहोचायचा. मिनेसोटातल्या एका मुलानं त्यावर हे गाणं ऐकलं आणि त्या रात्री त्याला झोप लागली नाही. तो मुलगा बॉब डिलन.

डिलननं मेव्हिसला खरंच लग्नाची मागणी घातली होती?

हो, मेव्हिसनं ते सांगितलं आहे. तिनं नकार दिला. मैत्री टिकली. १९६३ मध्ये स्टेपल सिंगर्सनी ‘ब्लोइन इन द विंड’ ध्वनिमुद्रित केलं. हे गाणं ऐकून पॉप्सना नवल वाटलं होतं, कारण माणूस म्हणवून घेण्यासाठी किती रस्ते चालायचे हा त्यांच्या स्वतःच्या आयुष्याचा प्रश्न होता.

आई गात होत्या का?

गटात नाही. ओसिओला हॉटेलात नोकरी करत, घर चालवत आणि दौऱ्यावरून येणाऱ्या सगळ्यांना जेवू घालत. शिकागोतल्या गॉस्पेल गायकांना त्यांच्या स्वयंपाकघराची वाट ठाऊक होती. त्या १९८७ मध्ये गेल्या.

मार्टिन ल्यूथर किंग यांच्याशी संबंध कसा आला?

गट अलाबामातल्या माँटगोमेरीत होता. रविवार होता, कार्यक्रम रात्री. पॉप्सनी मुलांना बोलावलं आणि सांगितलं, इथे मार्टिन नावाचे एक धर्मोपदेशक आहेत, त्यांच्या चर्चला जाऊ या. प्रवचन ऐकून हॉटेलवर आल्यावर त्यांनी पुन्हा सगळ्यांना खोलीत जमवलं. ते म्हणाले, हा माणूस जे सांगतो ते मला पटतं, आणि त्याला जे प्रवचनात सांगता येतं ते आपल्याला गाण्यात सांगता येईल. (किंग १९५९ मध्ये भारतात आले होते आणि मुंबईत मणिभवनात, गांधीजी राहिले त्या वास्तूत, मुक्कामाला होते. अहिंसेचा तो धागा या गाण्यांतही आहे.)

तिथून स्वातंत्र्याची गाणी सुरू झाली. १९६५ च्या मार्चमध्ये कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्कासाठी सेल्मा ते माँटगोमेरी मोर्चा निघाला. त्यावर पॉप्सनी ‘फ्रीडम हायवे’ लिहिलं आणि ९ एप्रिलला शिकागोच्या न्यू नाझरेथ चर्चमध्ये ते लोकांसमोरच ध्वनिमुद्रित झालं. गाण्यात टॅलाहॅची नदीचा उल्लेख येतो. १९५५ मध्ये गोऱ्यांनी ठार मारलेल्या एमेट टिल या चौदा वर्षांच्या शिकागोच्या कृष्णवर्णीय मुलाचा मृतदेह त्याच नदीत सापडला होता. चर्चमधल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं, म्हणून पॉप्सना नाव घ्यावं लागलं नाही. संपूर्ण कार्यक्रम २०१५ मध्ये नव्यानं प्रसिद्ध झाला आहे. तो ऐकाच. पॉप्स शांतपणे दोन शब्द बोलतात, फिल अपचर्च बेसवर, अल डंकन ड्रमवर, आणि लोक पहिल्या ओळीपासून टाळ्यांत.

‘व्हाय अॅम आय ट्रीटेड सो बॅड’ हे दुसरं. १९५७ मध्ये अर्कान्सासमधल्या लिटल रॉकच्या गोऱ्यांच्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय मुलांना आत जाऊ दिलं नाही. ते दृश्य टीव्हीवर बघताना पॉप्सच्या तोंडून जो प्रश्न निघाला, त्याचंच हे गाणं झालं. किंगना ते सर्वांत आवडे. सभेआधी ते पॉप्सना विचारत, आज माझं गाणं होणार ना?

दौऱ्यांवर त्रास व्हायचा का?

दक्षिणेत प्रत्येक फेरीत. हॉटेलं मिळत नसत, कृष्णवर्णीयांच्या घरी उतरावं लागे, खाणं बरोबर बांधून न्यावं लागे. १९६४ मध्ये मेम्फिसच्या एका पेट्रोल पंपावर कामगार मेव्हिसशी उद्दामपणे वागला, वाद वाढला आणि पॉप्सचा हात उठला. नदीवरचा पूल ओलांडून वेस्ट मेम्फिसला पोहोचताच पोलिसांनी गाडी अडवली, सगळ्यांना बेड्या घातल्या. चौकीत ओळख पटल्यावर सोडून दिलं. मेव्हिसनं ही घटना पुढे अनेकदा सांगितली आहे.

मग सोल गाणी का गायली? गॉस्पेल सोडलं का?

सोल म्हणजे गॉस्पेल आणि ब्लूजमधून निघालेलं चर्चबाहेरचं लोकप्रिय गाणं. १९६८ मध्ये ते मेम्फिसच्या स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीत गेले. सुरुवातीला गिटारवादक स्टीव्ह क्रॉपर निर्माता होता. नंतर कंपनीच्या अल बेल यांनी सूत्रं हाती घेतली आणि गटाला अलाबामातल्या मसल शोल्सच्या स्टुडिओत नेलं. १९७१ मध्ये ‘रिस्पेक्ट युअरसेल्फ’ आलं. ते ल्यूथर इनग्रॅम आणि मॅक राइस यांनी लिहिलेलं. पहिलं कडवं पॉप्सच गातात, घरातला वडीलधारा बोलतो तसं. स्वतःला मान द्या, नाहीतर दुसरा कोण देईल. यात देवाचं नाव कमी असेल, पण हे रविवारचं प्रवचनच आहे.

चर्चमधल्या काहींना हे रुचलं नाही. त्यांनी सैतानाचं गाणं म्हणून नावं ठेवली, काही ठिकाणी बोलावणं बंद झालं. मेव्हिसला हे बोलणं नवं नव्हतं. लहान असताना मिसिसिपीत शाळेच्या कार्यक्रमात तिनं एक ब्लूज गाणं म्हटलं होतं आणि आजीनं छडीनं पायांवर वळ उठवले होते. पण पॉप्सच्या कानात शनिवार आणि रविवार वेगळे कधी नव्हतेच. गिटारीचा तोच कंप ‘अनक्लाउडी डे’त आहे, ‘फ्रीडम हायवे’त आहे आणि सत्तरच्या दशकातल्या गाण्यांतही. चौघांचे सूरही दिवाणखान्यात लावून दिले तसेच राहिले. साथीला ड्रम आले, हॉर्न आले. गाणं मात्र तेच राहिलं, असं माझं ठाम मत आहे.

‘आय’ल टेक यू देअर’ कसं तयार झालं?

अल बेल यांच्या भावाचा खून झाला होता. अंत्यविधीनंतर ते अर्कान्सासमध्ये वडिलांच्या अंगणात एका जुन्या, मोडक्या बसवर बसले होते आणि तिथे त्यांना या ओळी सुचल्या. जिथे रडणं नाही, खोटं हसणं नाही अशी एक जागा आहे, मी तुला तिथे नेईन. कडवी अशी जवळजवळ नाहीतच. दोनच कॉर्ड फिरत राहतात. सुरुवातीची चाल जमैकाच्या हॅरी जे ऑलस्टार्सच्या ‘लिक्विडेटर’ या वाद्यसंगीतावरून घेतलेली.

वादन मसल शोल्सच्या गोऱ्या वादकांचं: रॉजर हॉकिन्स ड्रमवर, डेव्हिड हूड बेसवर, बॅरी बेकेट कीबोर्डवर, जिमी जॉन्सन आणि एडी हिंटन गिटारीवर. गाण्यात मेव्हिस ‘डॅडी’ म्हणून हाक मारते तेव्हाची गिटार खरं तर हिंटनची आहे. ३ जून १९७२ ला हे गाणं अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. नाचणाऱ्यांनी त्यावर नाच केला, पण नीट ऐका: मेव्हिस हाक देते, घरचे झेलतात, मधल्या जागेत ती वादकांना एकेक करून पुढे बोलावते. चर्चमध्ये हेच चालतं. लोकांनी नावं ठेवली तेव्हा मेव्हिसचं उत्तर साधं होतं, आम्ही तुम्हाला स्वर्गातच न्यायचं म्हणतोय!

‘लेट्स डू इट अगेन’बद्दल काय?

हे वेगळं प्रकरण. स्टॅक्स कंपनी १९७५ मध्ये बुडाली. गायक-गीतकार कर्टिस मेफिल्ड यांनी अभिनेते-दिग्दर्शक सिडनी पॉटिए यांच्या सिनेमासाठी हे गाणं दिलं. उघड प्रेमगीत. पॉप्स म्हणाले, मी चर्चचा माणूस, मी असले शब्द गाणार नाही. मेफिल्डनी आणि मुलींनी मनधरणी केली, शेवटी ते गायले. डिसेंबर १९७५ मध्ये हेही पहिल्या क्रमांकावर गेलं. इथे मात्र पॉप्सची पहिली प्रतिक्रियाच बरोबर होती असं मला वाटतं. गाणं गोड आहे, पण ते दुसऱ्या कुणीही गायलं असतं.

पर्विसचं पुढे काय झालं?

त्यानं शिकागोत नाइटक्लब काढला. ‘इमोशन्स’ या हचिन्सन बहिणींच्या गटाला पुढे आणण्यात त्याचा मोठा वाटा आहे. त्याही लहानपणी वडिलांबरोबर गॉस्पेल गाणाऱ्याच. स्टेपल्स भावंडांतली सर्वांत धाकटी बहीण सिंथिया गटात गात नव्हती. १९७३ मध्ये ती अगदी तरुण वयात गेली. घरानं ते दुःख फारसं जाहीर बोलून दाखवलं नाही.

गट कधी संपला?

ठरावीक दिवस सांगता येत नाही. ऐंशीच्या दशकातही ते गात होते. १९९५ मध्ये पॉप्सना एकट्याच्या ‘फादर फादर’ या अल्बमसाठी ग्रॅमी मिळालं, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. १९९९ मध्ये गटाचा रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. १९ डिसेंबर २००० ला पॉप्स गेले. शेवटच्या काळात त्यांनी काही गाणी ध्वनिमुद्रित केली होती आणि मेव्हिसला सांगितलं होतं, हे हरवू नकोस. संगीतकार जेफ ट्वीडीच्या मदतीनं ती २०१५ मध्ये ‘डोन्ट लूज धिस’ या नावानं आली.

क्लिओथा २०१३ मध्ये गेली, इव्होन २०१८ मध्ये, पर्विस २०२१ मध्ये. वडील गेल्यावर मेव्हिस कोलमडली होती, घराबाहेर पडेना. इव्होननं तिला खडसावलं, की ऊठ, बाबांना तू गायला हवी असशील. ती उठली. २००७ मध्ये गिटारवादक राय कूडरबरोबर तिनं नागरी हक्कांच्या लढ्याची गाणी नव्यानं गायली आणि २०१० च्या ‘यू आर नॉट अलोन’साठी तिला ग्रॅमी मिळालं.

नव्या माणसानं ऐकायला कुठून सुरुवात करावी?

आधी ‘अनक्लाउडी डे’, हेडफोन लावून, रात्री. मग न्यू नाझरेथ चर्चमधला संपूर्ण कार्यक्रम. तिसरा १९७२ चा ‘बी अॅल्टिट्यूड: रिस्पेक्ट युअरसेल्फ’ हा अल्बम. बघायचं असेल तर दिग्दर्शक स्कॉर्सेसीच्या ‘द लास्ट वॉल्ट्झ’ या १९७८ च्या माहितीपटात ‘द बँड’ या रॉक गटाबरोबर ते ‘द वेट’ गातात ते बघा. पॉप्सचं कडवं मेव्हिसच्या कडव्यानंतर येतं. वडील गात असताना मुलींच्या चेहऱ्याकडे लक्ष द्या आणि गाणं संपल्यावर मेव्हिस हळूच एक शब्द उच्चारते, तोपर्यंत बंद करू नका.